वाचकांचे प्रश्न : सर्फबोर्डचा तळ, त्याचा वेग आणि त्याचे वळण

मागच्या अंकातील सर्फिंगवरच्या लेखात सर्फबोर्डच्या तळाविषयी एवढेच म्हटले होते की तो दिसतो सपाट, पण बहुधा सपाट नसतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे संपादकांनी माझ्याकडे पाठवली. मी तंत्रनिकेतनात हायड्रॉलिक्स शिकवत होतो. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे उडुपीकडे वर्षभर राहणे झाले, तेव्हा बोर्ड घडवणाऱ्या एका कारागिराच्या शेडमध्ये मी अनेक दुपारी बसून काढल्या. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. परभणीच्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : मी बंगळुरूला नोकरी करतो आणि सुटीत मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकतो. यंदा एका दुकानातून सहा फूट दोन इंचांचा जुना बोर्ड घेतला. “याचा कॉनकेव्ह खोल आहे, वेगाला तोड नाही,” असे दुकानदाराने सांगितले. आमचे शिक्षक मात्र म्हणाले की हा बोर्ड तुमच्या कामाचा नाही. पट्टी आडवी ठेवून पाहिले तर मधोमध जेमतेम पाच मिलिमीटर फट दिसते. एवढ्याशा खोलगटपणाने वेगात खरोखर फरक पडतो का? आणि पडत असेल, तर तो वेग मला का मिळत नाही? माझे वजन ७४ किलो आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपले शिक्षक बरोबर सांगत आहेत आणि दुकानदारही खोटे बोललेला नाही. दोघांच्या बोलण्यातून एक अट तेवढी निसटली आहे. तळाचा खोलगटपणा, म्हणजेच कॉनकेव्ह, कामाला लागतो तो बोर्ड पाण्यावर घसरू लागल्यानंतर. तोवर तो असून नसल्यासारखाच असतो.

आपल्या बोर्डाचे आकारमान ३० ते ३५ लिटरच्या आसपास असावे. एक लिटर पाणी बाजूला सारले की साधारण एक किलो भार तोलला जातो, म्हणून हा बोर्ड पुरता बुडाला तरी ३५ किलोपेक्षा अधिक भार तोलू शकत नाही, आणि त्यातूनही त्याचे स्वतःचे तीनेक किलो वजन वजा करावे लागते. स्थिर पाण्यात आपण त्यावर उभे राहिलात तर बोर्डासकट खाली जाल. तरीही लाटेवर याच बोर्डावर ७४ किलोचा माणूस उभा राहतो, कारण तेथे त्याला तरंगण्याच्या बळाबरोबरच वेगाने मिळणारी उचल तोलून धरते. गोदाकाठी पोरे चपटी खापरी तिरपी फेकून पाण्यावर टप्पे पाडतात, ते डोळ्यांपुढे आणा. खापरी तरंगणारी वस्तू नव्हे. ती पाण्याला खाली ढकलते आणि पाणी तिला वर ढकलते. वेग संपला की ती तळाशी जाते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते.

वेगाचाही अंदाज घेऊ. खांद्याएवढी, समजा दीड मीटर उंचीची लाट साधारण दोन मीटर खोलीवर फुटू लागते, आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळावर ठरत असल्याने तो ताशी १६ किलोमीटरच्या घरात येतो. सरळ किनाऱ्याकडे येणाऱ्याला एवढाच वेग मिळतो. जो लाटेच्या उतारावरून ४५ अंशांत तिरका पुढे सरकतो, त्याला लाटेबरोबर राहण्यासाठीच ताशी २२ किलोमीटर गाठावे लागतात. सोळा आणि बावीस यांत फार अंतर दिसत नाही, पण वर्गाच्या हिशेबाने उचल जवळजवळ दुप्पट झालेली असते. आपला बोर्ड या दुसऱ्या वेगासाठी घडवलेला आहे.

आता तळाकडे येऊ. घरी एक प्रयोग जरूर करून पाहावा. नळाची बारीक पण अखंड धार सोडावी, पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवावी, आणि एक मोठी पळी दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत सैल लोंबती धरून तिची फुगीर पाठ धारेला हळूच टेकवावी. धार पळीला दूर लोटील असे वाटते. प्रत्यक्षात पळी धारेत ओढली जाते आणि बोटांना तो ओढा स्पष्ट कळतो. पाणी फुगीर पाठीला धरून वळते, वळताना पळीला आपल्याकडे खेचते. आता पळी फिरवून तिचा खोलगट भाग धारेपुढे धरा. या वेळी पाणी वाटीत वळून बाहेर फेकले जाते आणि पळी झटकन मागे ढकलली जाते. बहिर्गोल तळ पाण्याला चिकटतो आणि अंतर्गोल तळ पाण्यावर उचलला जातो, या वाक्यात जे सांगायचे ते त्या दोन बोटांना आधीच कळलेले असते.

सपाट तळाखालचे दाबलेले पाणी दोन्ही काठांकडून बाजूला निसटते आणि त्याबरोबर थोडी उचलही निसटते. कॉनकेव्ह तळात काठ मध्यापेक्षा खाली असल्याने बाजूला निघालेले पाणी अडते, खाली आणि मागे वळते, आणि तेवढ्याच वेगात उचल थोडी अधिक मिळते. उचल अधिक म्हणजे बोर्ड वर येतो, पाण्यात बुडालेला पृष्ठभाग घटतो, आणि घर्षण कमी होऊन वेग वाढतो. बहुतेक ठिकाणी स्पष्टीकरण येथेच थांबते.

माझ्या मते कॉनकेव्हचे मोठे काम दुसरेच आहे. बोर्ड आडव्या नजरेने पाहिला तर नोज, म्हणजे पुढचे टोक, आणि टेल, म्हणजे मागचे टोक, वर उचललेले दिसतात. या लांबीतल्या बाकाला रॉकर म्हणतात. नोजचा रॉकर १२-१३ सेंटीमीटर, टेलचा पाच-सहा सेंटीमीटर, असे आखूड बोर्डांचे साधारण प्रमाण असते. रॉकर जास्त असेल तर बोर्ड चटकन वळतो, पण पुढचे पाणी लोटत राहिल्याने रेंगाळतो. रॉकर कमी असेल तर तो तीरासारखा जातो आणि वळायला हटून बसतो. कारागिराची सारी ओढाताण या एका ठिकाणी आहे. बोर्डाच्या मध्यभागी तळ पाच मिलिमीटर खोल केला की मधल्या रेषेचा बाक तेवढ्याने उतरतो, काठांचा बाक मात्र होता तसाच राहतो. म्हणजे एकाच बोर्डात दोन बाक बसले : सरळ जाताना पाण्याला मधली, कमी बाकाची रेषा लागते, आणि बोर्ड काठावर कलंडला की पाण्यात जास्त बाकाचा काठ उतरतो. टेलच्या पाच सेंटीमीटर रॉकरपुढे पाच मिलिमीटर हा दहावा हिस्सा झाला. आपल्याला पट्टीखाली जी क्षुल्लक फट दिसली, तिचे वजन एवढे आहे.

आता आपल्याला तो वेग का मिळत नाही, याकडे वळू. शिकणारा माणूस लाट पकडल्यावर उभा राहायला उशीर करतो आणि उठताना भार मागच्या पायावर टाकतो. नोज वर येते, टेल बुडते, आणि तळ पाण्यावर घसरण्याऐवजी पाणी नांगरत जातो. अशा वेळी तळ खोलगट असो वा सपाट, बोर्ड तरंगण्यावरच अवलंबून असतो, आणि तरंगण्यासाठी लागणारे लिटर आपल्या बोर्डात नाहीत. दुसरे असे की पश्चिम किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पाण्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो. खोल कॉनकेव्ह अशा पाण्यावर आपटत, थरथरत जातो, कारण काठांमध्ये अडकलेले पाणी एकसारखे न येता तुकड्यातुकड्यांनी येते. आपल्या पत्रात “पायाखाली फळी खडखडते” असे एक वाक्य आहे. ती खडखड बहुधा हीच असावी.

हा बोर्ड विकू नये. वर्षभर तो खोलीत उभा करून ठेवावा आणि आठ फुटी, साठ-सत्तर लिटरचा, सपाट तळाचा बोर्ड वापरावा. ज्या दिवशी त्या सपाट बोर्डावर आपण लाटेच्या उतारावरून तिरके, न थांबता जाऊ लागाल, त्या दिवसापासून जुन्या बोर्डाला पहाटेच्या शांत पाण्यात नेण्यास हरकत नाही.

प्रश्न : आदरणीय सर, माझी मुलगी चेन्नईला शिकते आणि कोवलमच्या किनाऱ्यावर दीड वर्षापासून सर्फिंग करते. तिचा बोर्ड साडेसहा फुटी, सपाट तळाचा, तीन फिनांचा (तळाला मागे बसवलेल्या पात्यांचा) आहे. सरळ छान जाते, पण बोर्ड वळतच नाही म्हणते. व्ही तळाचा बोर्ड घेऊन द्या असा तिचा हट्ट आहे. बोर्ड महाग असतात, म्हणून विचारते. तिचे वजन ४८ किलो आहे.
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, व्ही तळाने वळणे सोपे होते हे मुलीचे म्हणणे खरे आहे. तरी बोर्ड घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात असे मी सुचवीन, आणि त्या सांगण्यापूर्वी व्ही म्हणजे काय ते पाहू.

घराच्या छपराची दोन पाखी उलटी करून, आढे खाली धरले, की व्ही तळ झाला : मधली रेषा सर्वांत खाली आणि दोन्ही बाजूंना काठांकडे चढत जाणारा उतार. प्रत्यक्षात हा उतार डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकाच, तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि बहुधा टेलकडच्या भागात असतो. वळायचे म्हणजे आधी बोर्ड एका काठावर कलंडवायचा. सपाट तळ कलंडवताना त्याचा अर्धा भाग पाण्यात दाबावा लागतो. व्ही तळ मधल्या रेषेवर आधीच डोलत असतो, म्हणून घोट्याच्या हलक्या दाबानेही तो या काठावरून त्या काठावर जातो. शिवाय काठ वर चढलेले असल्याने टेलकडे काठाचा बाक वाढतो आणि वळण आखूड घेता येते.

मोबदल्यात उचल कमी मिळते, कारण उतारावरून पाणी बाजूला सहज निघून जाते. वेगवान मोटारबोटींच्या तळांसाठी डॅनियल सावित्स्की यांनी १९६४ मध्ये जी सूत्रे मांडली, त्यांतही हेच आहे : तळाचा व्ही जितका तीव्र, तितकी उचल कमी. खवळलेल्या पाण्यावर मात्र तीव्र व्ही सौम्यपणे उतरतो, सपाट तळासारखा आदळत नाही, म्हणून समुद्रात जाणाऱ्या वेगवान बोटींना तो देतात. सर्फबोर्डलाही खडबडीत पाण्यात व्हीचा असाच फायदा होतो.

व्हीचा अतिरेक झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण सर्फिंगच्या इतिहासात आहे. १९६७ साली ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅक्टॅविश यांनी रुंद टेलखाली खोल व्ही दिलेले आखूड बोर्ड घडवले, आणि आधीच्या नऊ-दहा फुटी बोर्डांना न जमणारी वळणे त्यांनी सहज घेतली. वर्षअखेरीस हे बोर्ड हवाईला गेले. ओआहू बेटावरच्या सनसेट बीचच्या मोठ्या लाटांवर त्यांची रुंद टेल पाण्यातून सुटून बोर्ड गरकन फिरून जाई. मावी बेटावरच्या होनोलुआ बेच्या लांब, स्वच्छ लाटांवर तेच बोर्ड अप्रतिम चालले. बोर्ड तोच होता आणि चालवणारेही तेच होते, बदलली होती फक्त लाट. तळाचा गुणदोष लाटेचे नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही, ते यासाठी.

आता तपासण्याच्या गोष्टी. पहिली, मागचा पाय. तो फिनांच्या वर येतो का, हे मैत्रिणीला किनाऱ्यावरून चित्रफीत काढायला सांगून पाहावे. पाय अर्धा फूट पुढे पडत असेल तर कोणताही तळ वळणार नाही, कारण बोर्ड फिनांभोवती वळतो आणि तिचा भार त्या जागेपासून दूर पडतो. दुसरी, फिनांचा आकार. ४८ किलोच्या मुलीला मोठ्या माणसांच्या मापाच्या फिना दिलेल्या असण्याची शक्यता मला फार वाटते. फिना काढता येण्यासारख्या असतील तर एक माप लहान संच लावून पाहावा. त्याला नव्या बोर्डाच्या किमतीचा लहानसा अंशच लागतो. तिसरी, टेलची रुंदी. रुंद टेलचा काठ पाण्यात दाबायला वजन लागते, ते तिच्याकडे नाही, आणि हा तिचा दोष नव्हे. पाय आणि फिना दुरुस्त करूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर टेल अरुंद आणि टेलखाली हलका व्ही असलेला बोर्ड अवश्य घ्यावा, आणि तोही तिच्या शिक्षकांना विचारून.

प्रश्न : आमच्या नाथसागरावर वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात. तेथे सर्फबोर्डचे निरनिराळे तळ वापरून पाहता येतील का?
— एक शिक्षक, पैठण

उत्तर : येणार नाहीत. समुद्रातील सर्फिंगची लाट दूरच्या वादळवाऱ्याने उठते, शेकडो किलोमीटर प्रवासात सुबक होते आणि उथळ तळाला लागल्यावर चढून, एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाने फुटते. जायकवाडीच्या जलाशयावरील लाटा तेथल्याच वाऱ्याने उठलेल्या, आखूड आणि विस्कळीत असतात. बोर्डाला घसरण्याच्या वेगापर्यंत नेणारा उतार त्यांत तयार होत नाही. आणि घसरण सुरू झाल्याखेरीज तळांतील फरक कळत नाही, हे वर आलेच आहे. मोटारबोटीमागे दोर बांधून वेग देता येतो, पण जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांच्या मधून बोट पळवण्याची कल्पना विद्यार्थ्यांपुढे मांडूही नये, असे मला मनापासून वाटते. वर दिलेला पळीचा प्रयोग वर्गात करावा. मुलांना तो पुरेसा आहे.

प्रश्न : सर्वांत वेगवान तळ कोणता? काही बोर्डांच्या तळाला लांब नाल्या कोरलेल्या दिसतात. त्या वेगासाठी असतात की दिसण्यासाठी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : त्या नाल्यांना चॅनल म्हणतात आणि त्या कामाच्या असतात. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जिम पोलार्ड यांनी त्या आणल्या. टेलकडच्या भागात लांबीच्या दिशेने चार किंवा सहा चॅनल कोरतात.

उसाला पाणी देताना आपण सरी पाडतो, ती का पाडतो? मोकळ्या रानात सोडलेले पाणी वाटेल तिकडे पसरते. सरीत आलेले पाणी सरी नेईल तिकडेच जाते. चॅनलचे काम याच जातीचे आहे, मात्र एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. लाटेच्या उतारावर पाणी वर चढत असते आणि बोर्ड तिरका जात असतो, म्हणून तळाखालून पाणी नोजकडून टेलकडे सरळ न वाहता लाटेकडच्या काठाखालून शिरून तिरके पलीकडे निघू पाहते. चॅनलच्या उभ्या कडा या तिरक्या प्रवाहाला अडवतात आणि त्याला मागे वळवतात. त्यातून दोन लाभ होतात : पुढे जाण्यासाठी थोडा अधिक रेटा, आणि घसरून न जाण्यासाठी अधिक पकड. म्हणजे चॅनल काही अंशी लहान फिनांचेच काम करतात.

सर्वांत वेगवान कोणता, याला एका शब्दात उत्तर नाही. पण माझे मत विचाराल तर स्वच्छ, उभ्या, झपाट्याने फुटणाऱ्या लाटेवर आणि अनुभवी पायांखाली, कॉनकेव्हमध्ये कोरलेले चॅनल मी सर्वांत वर ठेवीन. वाऱ्याने विस्कटलेल्या पाण्यात याच कडा उलटसुलट प्रवाहांत अडकतात आणि बोर्ड हट्टी होतो. घडवायलाही ते अवघड असतात : प्रत्येक कोपऱ्यात फायबरग्लासचे कापड नीट बसवावे लागते, खाली हवा राहिली की तेथे बुडबुडा धरतो आणि पुढे पाणी शिरते. उडुपीच्या त्या शेडमध्ये एका चार चॅनलच्या बोर्डावर कारागिराने सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त पॉलिश पेपर चालवलेला मी पाहिला आहे.

दुहेरी कॉनकेव्हविषयीही आपण विचारले आहे. त्यात टेलकडे एका खोलगटाचे दोन होतात आणि मध्ये पुसटसा व्ही राहतो. पुढे एक आणि मागे दोन, ही जोडणी आज आखूड बोर्डांत सर्वाधिक दिसते, कारण पुढच्या भागात उचल मिळते आणि मागे काठ बदलणे सुलभ होते.

प्रश्न : माझा जालन्यात फर्निचरचा कारखाना आहे. भाचा गोव्यात असतो, त्याच्यासाठी लाकडी सर्फबोर्ड करायचा आहे. होडीसारखा तळ गोल ठेवला तर पाणी कापत जाईल, असा माझा विचार आहे. योग्य आहे का? कॉनकेव्ह द्यायचा झाल्यास किती द्यावा?
— एक सुतार, जालना

उत्तर : पाणी कापत जाणे हे होडीचे काम आहे. होडी पाणी बाजूला सारत, त्यात बसून जाते, आणि तिच्यासाठी गोल तळ योग्यच आहे. आपल्याला पाण्यावरून घसरणारी वस्तू करायची आहे.

तरी आपली कल्पना निराधार नाही, हे आधी सांगतो. १७७९ साली कॅप्टन कुक यांच्या मोहिमेतील जेम्स किंग यांनी हवाई बेटावरील लोकांना फळ्यांवरून लाटांवर स्वार होताना पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. तेथील ‘ओलो’ नावाच्या लांब, जाड फळ्यांचा तळ फुगीरच असे. त्या फळ्यांना फिन नव्हती; बोर्डाला पहिली फिन लावली ती टॉम ब्लेक यांनी, १९३५ मध्ये, वायकिकी येथे. फिन नसताना लाटेला धरून राहायचे तर तळाने पाण्याला चिकटणे उपयोगाचेच होते, आणि पळीच्या प्रयोगात फुगीर पाठ कशी चिकटते ते आपण पाहिले. आजही पूर्ण गोलाईचे बोर्ड हौसेने वापरणारे लोक आहेत. त्यांची चाल मऊ, संथ, लाटेत बसलेली असते.

यातून बाहेर पडण्याची वाट दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स यांनी काढली. वेगवान मोटारबोटींच्या तळांवरील संशोधन वाचून त्यांनी रुंद, मागे धारदार काठाचे बोर्ड केले आणि त्यांवर फायबरग्लास चढवला. १९५४ मध्ये सर्फिंग करतानाच त्यांचा मृत्यू झाला, पण तळ घसरण्यासाठी घडवायचा असतो हा त्यांचा धडा टिकला.

धारदार काठ कशाला, ते स्वयंपाकघरात पाहता येते. जाड, गोल काठाच्या गंजातून दूध हळूहळू ओतले तर ते धारेने न पडता गंजाच्या पोटाला धरून ओघळते. काठ पातळ, धारदार असेल तर धार तेथेच सुटते. बोर्डाच्या मागच्या काठाशी पाणी असे स्वच्छ सुटले नाही, तर ते काठावरून वर चढते, टेलला खाली ओढते आणि वेग खाते. म्हणून पुढच्या दोन-तृतीयांश भागात काठ बोटाने दाबलेल्या कणकेसारखे गोल ठेवावेत, म्हणजे लाटेत ते अचानक रुतून पडणार नाहीत. शेवटच्या फूटभरात मात्र तळाकडच्या बाजूला स्पष्ट धार आणावी. पहिल्याच बोर्डात एवढे साधले तरी तो चांगला चालेल.

कॉनकेव्ह पहिल्या बोर्डाला देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मापात सांगायचे तर साधारण बोर्डाचा कॉनकेव्ह एक ते दोन सूत असतो. तळावर पट्टी आडवी ठेवली की मधोमध ज्वारीचा एक दाणा सरकून जाईल, एवढाच. रंध्याचा एक हात जास्त पडला की सूतभर फरक पडतो, आणि डाव्या-उजव्या बाजू सारख्या राहिल्या नाहीत तर बोर्ड एकीकडे ओढत राहतो, तो दोष नंतर फिना बदलूनही जात नाही. सपाट तळाला हा धोका कमी आहे, आणि सपाट तळ हळू असतो हा समजही चुकीचा आहे. लहान, मंद लाटांवर, म्हणजे भाच्याला वर्षातले बरेच दिवस गोव्यात मिळतील तशा लाटांवर, कमी रॉकरचा सपाट तळ लवकर घसरू लागतो.

पीळ तपासण्याची रीत आपल्याला मी काय सांगावी. दाराच्या फळीला लावता तशाच दोन सरळ पट्ट्या नोज आणि टेल यांजवळ आडव्या ठेवून एका डोळ्याने रेषा जुळवाव्यात. उडुपीचा कारागीर याशिवाय आणखी एक करी. दिवा बाजूला, तळाच्या पातळीत ठेवून खोली अंधारी करी, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या तळावर लांब पडत. आणि मग डोळे मिटून दोन्ही तळवे मधल्या रेषेपासून काठांकडे एकाच वेळी फिरवी. जेथे दोन हातांना वेगळे लागे, तेथे पेन्सिलीची खूण पडे.

पॉलिश चढवण्यापूर्वी दर फुटावरचा रॉकर आणि काठाची जाडी एका कागदावर उतरवून ठेवावी आणि त्याची एक प्रत भाच्याकडे द्यावी. महिनाभर वापरल्यावर बोर्ड कोठे अडतो, कोठे सुटतो हे त्याने त्या कागदावरच्या आकड्यांसमोर लिहून पाठवले, तर दुसऱ्या बोर्डाला रंधा नेमका कोठे चालवायचा हे आपल्याला जालन्यात बसून कळेल.